धुऊन धुऊन मुलांचे हात फुटलेत, चुरचुरतात : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी नाशिकला बालवाडी चालवते. दिवाळीची सुट्टी संपून थंडी पडली की पालकांच्या ग्रुपवर हातांचे फोटो यायला लागतात, मागच्या बाजूला पांढुरका थर, बोटांच्या पेरांवर लाल रेघा, मनगटाजवळ खरखरीत चट्टा. २०२० नंतर तर हे फोटो उन्हाळ्यातही येतात कारण हात धुवायची सवय घरोघरी लागली (चांगलीच गोष्ट आहे) पण धुतल्यावर हाताला काहीतरी लावायची सवय मात्र लागली नाही. सगळं दुखणं तिथेच आहे. मी डॉक्टर नाही, पण आमच्या मुलांना तपासणाऱ्या त्वचेच्या डॉक्टरांकडून वर्षानुवर्षं जे ऐकलं आणि रोज २५-३० पोरांचे हात धुताना जे पाहिलं ते इथे एकत्र लिहून ठेवते, म्हणजे दरवेळी फोनवर सांगायला नको.

हात धुतल्याने हात खराब कसे होतात? पाण्याने तर त्वचा ओली होते ना?

ओली होते पण टिकत नाही. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा, मेलेल्या चपट्या पेशी या विटा आणि मधे नैसर्गिक तेलाचा गिलावा. साबणाचं कामच तेल पकडून पाण्यासोबत वाहून न्यायचं, तो जिलबीचं तूप आणि आपल्या कातडीचं तेल यात फरक करत नाही. दिवसातून चार-पाच वेळा धुतलं तर शरीर ते भरून काढतं, दहा-पंधरा वेळा धुतलं की भरायला वेळच मिळत नाही, मग आतलं पाणी उडून जातं, कातडी आक्रसते आणि वाकवल्यावर तडकते. म्हणून भेगा आधी पेरांवर पडतात. मुलांची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ, त्यामुळे तुमचे हात ठणठणीत आणि त्याच साबणाने पोराचे हात फुटलेत असं सर्रास होतं. त्यात आपल्याकडचा साध्या साबणाच्या वडीचा पीएच (आम्ल की अल्क ते मोजायचा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) ९ ते १० असतो आणि कातडीचा साधारण ४.५ ते ५.५, ही तफावतही कातडीला सोसावी लागते.

मग धुणं कमी करू का?

नाही. जुलाब, कावीळ, टायफॉइड हे सगळं हातावाटे तोंडात जातं आणि पावसाळ्यात तर मी याबाबतीत अजिबात सूट देत नाही. संडासहून आल्यावर, खायच्या आधी, बाहेरून खेळून आल्यावर, कुत्र्या-मांजराला हात लावल्यावर, नाक शिंकरल्यावर साबण हवाच.

पण साबणाची गरज नसते अशा वेळाही खूप असतात, त्या कमी करा. खडूची पावडर लागली, वॉटर कलर लागला, बिस्किटाचा चुरा लागला तर नुसत्या पाण्याने निघतं. काही घरांत पोर सोफ्यावरून उठलं की "जा हात धू" चालू असतं, ते थांबवलं तरी दिवसातून चार-पाच वेळा साबण लावणं वाचतं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते, हात चुरचुरणारं मूल साबण चुकवायला शिकतं. नळाखाली बोटं ओली करून येतं आणि "धुतले" म्हणून सांगतं. ते खोटं बोलत नसतं, त्याला दुखत असतं. त्यामुळे हाताला क्रीम लावणं हे लाडाचं काम नाही, हात नीट धुतले जावेत म्हणून ते लागतंच.

बरोबर धुवायचं म्हणजे कसं?

साधं किंवा किंचित कोमट पाणी. गीझरचं कडक पाणी नको, त्याने जंतू जास्त जातात असं काही नाही, तेल मात्र जास्त जातं. साबण वाटाण्याएवढा किंवा वडी दोनदा फिरवली एवढाच. २० सेकंद चोळायचं, आमच्याकडे मुलं एक ते वीस सावकाश मोजतात. मग साबण पूर्ण निघेपर्यंत धुवायचं, विशेषतः बोटांच्या बेचक्यात, कारण तिथे राहिलेला साबण दिवसभर टोचत राहतो. नंतर टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. ओले हात तसेच वाऱ्यावर वाळू देणं हे थंडीत सगळ्यात वाईट.

हाताला काय लावू? क्रीम, लोशन, तेल, व्हॅसलीन, सगळे वेगवेगळं सांगतात.

याचा साधा नियम असा की जेवढं घट्ट आणि तेलकट तेवढं जास्त वेळ टिकतं. पंपाच्या बाटलीतलं पातळ लोशन बहुतेक पाणी असतं, लावताना बरं वाटतं पण अर्ध्या तासात हात पुन्हा कोरडे, आणि फुटलेल्या हाताला ते झोंबतंही. डबीतलं किंवा ट्यूबमधलं घट्ट क्रीम त्याहून चांगलं. पेट्रोलियम जेली सगळ्यात टिकाऊ, त्यात वास नाही, रंग नाही, झोंबत नाही आणि स्वस्त. फक्त चिकट लागतं म्हणून मुलं ते वह्यांना पुसतात, त्यामुळे मी सांगते दिवसा क्रीम आणि रात्री जेली.

क्रीम घेताना पाठीमागे ग्लिसरीन, सेरामाइड, पॅराफिन असं काही आहे का बघा आणि सुगंध नसलेलं घ्या. स्ट्रॉबेरीच्या वासाचं, चमकीवालं, लहान मुलांचं म्हणून विकलेलं घेऊ नका, फुटलेल्या कातडीला वास हाच पहिला त्रास देतो. युरिया किंवा लॅक्टिक अ‍ॅसिड असलेली क्रीम पायाच्या टाचांना छान पण मुलांच्या भेगा पडलेल्या हाताला लावली तर पोर रडत उठेल.

कधी लावायचं हे काय लावायचं यापेक्षा महत्त्वाचं. हात टिपल्यावर दोन-तीन मिनिटांत, किंचित दमट असतानाच. तळहातापेक्षा मागची बाजू, पेरं आणि नखांच्या कडा इथे लावा, मुलांच्या हातावर क्रीम दिलं की ती तळहात चोळतात आणि फुटलेला भाग तसाच राहतो. मी तर म्हणते क्रीम हाताच्या मागच्या बाजूवरच ठेवा आणि दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींवर चोळायला शिकवा.

आजी म्हणते खोबरेल लाव, तूप लाव, साय लाव. चालेल का?

खोबरेल चालतं, कोरड्या हाताला चांगलंच, फक्त ते पटकन जिरतं म्हणून पुन्हा पुन्हा लावावं लागतं. कोकणातले पालक असतील तर त्यांच्याकडे कोकमाचं तेल असतं, कोकमाच्या बियांचं, मुठीत दाबून घट्ट केलेला गोळा, कुठे त्याला मुठेल म्हणतात. ते गरम करून फुटलेल्या टाचांना लावायची जुनी पद्धत आहे आणि हातालाही छान बसतं कारण ते थंडीत मेणासारखं घट्ट राहतं. वितळवल्यावर आधी तुमच्या मनगटावर लावून बघा, पोराला चटका नको.

साजूक तुपाने नुकसान नाही पण रात्री झोपताना मुंग्या आणि उशीचा वास याचा विचार करा. साय आणि बेसन लावून चोळणं मात्र नको, चोळण्याने भेगा उघडतात. मोहरीचं तेलही नको, ते कातडीला चुरचुरतं आणि तिचा वरचा थर आणखी कमकुवत करतं, मालिशसाठी आवडत असलं तरी फुटलेल्या हातावर नाही. लिंबू, हळद-लिंबू, तुरटी, टूथपेस्ट यातलं काहीही नको. ग्लिसरीन आणि गुलाबपाण्याची बाटली आपल्या सगळ्यांच्या घरी असायची, ती चालेल पण त्यात लिंबू पिळलेलं नसावं. कुंडीतली कोरफड लावणार असाल तर पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो तो पूर्ण गळू द्या, धुवा, मग आतला गर घ्या, त्या चिकाने खाज उठते.

रात्री हातात मोजे घालायचे ते खरंच उपयोगी आहे का?

खूप. मला एकच उपाय सांगायला सांगितला तर मी हाच सांगेन. रात्री आठ तास हात धुतले जात नाहीत, त्यामुळे कातडीला भरून यायला तोच वेळ. झोपायच्या आधी हात कोमट पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा, टिपा, जाडसर पेट्रोलियम जेली लावा आणि वरून पातळ सुती मोजे, मुलांचे जुने पायमोजे धुऊन घेतले तरी चालतं. नायलॉनचे नको, घाम येतो. मूल मोजे काढून फेकत असेल तर झोप लागल्यावर घाला. अंगठा तोंडात घालणाऱ्या किंवा दोन वर्षांखालच्या बाळाला मोज्यांचा नाद सोडा, नुसतं लावा. तीन-चार रात्रींत फरक दिसतो.

कुठला साबण घेऊ?

फुटलेल्या हातांसाठी सिंडेट बार किंवा सौम्य क्लेन्झर घ्या. सिंडेट म्हणजे साबणासारखा दिसणारा पण साबणाच्या रसायनाने न बनलेला, मेडिकलमध्ये याच नावाने मागा, पाकिटावर बहुधा पीएच ५.५ लिहिलेलं असतं. महाग वाटतो म्हणून तो फक्त हाताच्या नळाजवळ ठेवा, आंघोळीला नेहमीचा चालू द्या.

ते परवडत नसेल तर साध्या साबणाच्या वेष्टनावर टॉयलेट सोप आणि टीएफएम (साबणातल्या एकूण चरबीचं प्रमाण) किती ते वाचा. आपल्याकडे ग्रेड १ ला किमान ७६ टक्के, ग्रेड २ ला ७०, ग्रेड ३ ला ६० असं असतं. टीएफएम जास्त म्हणजे साबणात भरताड कमी. पण टीएफएम जास्त आहे म्हणून पीएच कमी असं नाही, तो साबण अल्कधर्मीच असतो, त्यामुळे क्रीम सुटत नाही.

अँटिबॅक्टेरियल लिहिलेल्याच्या मागे जाऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसान या जंतुनाशकासकट १९ घटक असलेले हात धुवायचे साबण बाजारातून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त काम करतात हे कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं. हात धुवायच्या पाण्यात अँटिसेप्टिक लिक्विडचं झाकण ओतायची पद्धतही बंद करा, त्याने कातडी भाजल्यासारखी होते.

शाळेतलं हँडवॉश वाईट असेल का?

असू शकतं आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. एका वर्षी आमच्याकडे हँडवॉश संपलं म्हणून मदतनीस बाईंनी बाटलीत भांड्यांचं लिक्विड पाणी घालून भरलं, छान फेस येत होता म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, मीही पाहिलं नाही. दहा-बारा दिवसांत सात-आठ मुलांचे हात लाल. तेव्हापासून बाटली मी स्वतः भरते. बऱ्याच शाळांत नळाला जाळीच्या पिशवीत साबणाचे तुकडे बांधलेले असतात, ती सोय चांगली, पण त्यात कपड्यांच्या वडीचे तुकडे नाहीत ना ते एकदा बघून या, भांडायला नको, नुसतं विचारा. आणि मुलाच्या दप्तरात क्रीमची कुंकवाच्या करंड्याएवढी डबी द्या, वर नाव लिहा, वर्गाच्या बाईंना सांगून ठेवा. डबा खायच्या आधी धुतलेल्या हाताला लगेच क्रीम लावून तोच हात भाजी-पोळीला जातो, ते मुलांना आवडत नाही, म्हणून खाऊन हात धुतल्यावर लावायचं असं ठरवून द्या.

सॅनिटायझर चांगला की साबण?

हात मातीने, तेलाने भरलेले नसतील तर सॅनिटायझर साबणापेक्षा कातडीला कमी कोरडं करतो, हे ऐकून पालकांना खोटं वाटतं कारण तो झोंबतो. झोंबतो तो भेगांमुळे, त्याने भेगा पडतात म्हणून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॅनिटायझरच्या कृतीत १.४५ टक्के ग्लिसरॉल घातलेलंच आहे, ते कातडीसाठीच. किमान ६० टक्के अल्कोहोल असलेला आणि ग्लिसरीन असलेला घ्या. पण संडासहून आल्यावर, चिखलातून आल्यावर, घरात कुणाला उलट्या-जुलाब चालू असताना साबण-पाणीच, काही जंतूंवर सॅनिटायझर चालत नाही. भेगा उघड्या असतील तेवढे दिवस मुलाला सॅनिटायझर देऊ नका, त्या आगीची भीती बसते. बाटली लहानांच्या हाती एकटी सोडू नका, चाटतात.

दिवाळीत आणखी एक. सॅनिटायझर लावलेले हात घेऊन फुलबाजी किंवा पणतीजवळ जायचं नाही, अल्कोहोल पेटतं. जेली किंवा तेलाने माखलेले मोजे, ओढणी, चादर हेही साध्या कापडापेक्षा लवकर पेट घेतात, देवघराजवळ वाळत घालू नका.

मुलगा हाताने जेवायला नाही म्हणतो, हट्ट आहे का?

आधी त्याचे हात उजेडात बघा. आमच्याकडे एक चार वर्षांचा मुलगा डबा तसाच परत न्यायचा, आईला वाटलं खाण्याची नाटकं आणि मलाही दोन दिवस तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी शेजारी बसले तर पोळी खातोय आणि शेंगदाण्याच्या चटणीला हात लावला की बोटं मागे घेतोय. पेरांवर केसाएवढ्या भेगा होत्या, तिखट-मीठ आत जात होतं. चमचा दिला आणि डबा संपला. तेव्हा बरं होईपर्यंत चमचा द्या, लिंबू, संत्र्याची साल, टोमॅटो, लोणचं यापासून हात लांब ठेवा. खूप खोल भेग असेल तर जेवायच्या आधी तिच्यावर जेलीचा ठिपका द्या.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्याचा काही संबंध?

आहे. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून आपण जास्त साबण लावतो, आणि क्षार व साबण मिळून जो पांढरा थर बादलीला बसतो तोच हातावरही राहतो. सिंडेटचा तसा थर होत नाही, म्हणून बोअरच्या पाण्याच्या घरांत तो जास्त उपयोगी. शेवटचं धुणं फिल्टरच्या तांब्याभर पाण्याने केलं तरी चालेल, पण रोज जमणार नाही तर सोडा, क्रीमवर भर द्या.

धुण्याशिवाय आणखी कशाने हात बिघडतात?

घरी बनवलेला स्लाइम, त्यात बोरॅक्स (टाकणखार) असतो. गणपतीची शाडूची माती, ती दोन तास हाताळली की हातातलं तेल ओढून घेते, नंतर धुऊन लगेच लावा. वेट वाइप्स, त्यातल्या प्रिझर्व्हेटिव्हची काही मुलांना अ‍ॅलर्जी असते. बाजारची काळी मेंदी तर मुलांना लावूच नका, त्यात केसांच्या डायचं रसायन असतं आणि फोड येतात.

हे कोरडेपणाचं आहे की दुसरं काही, कसं ओळखू? डॉक्टरकडे कधी जाऊ?

धुण्याने झालेलं असेल तर मुख्यतः हाताच्या मागच्या बाजूला, पेरांवर, बेचक्यात कोरडं आणि लाल असतं, आग जास्त आणि खाज कमी. रात्री खाज वाढते, बेचक्यात बारीक पुरळ आहे, घरात आणखी कोणी खाजवतंय, तर ती खरूज असू शकते, तिला औषध लागतं आणि सगळ्या घराला एकदम लागतं. कडा उठलेला गोल चट्टा म्हणजे बहुतेक गजकर्ण. तळहातावर आणि तळपायावर फोड, तोंडात फोड, सोबत ताप, म्हणजे हँड फूट माउथ, त्याची साथ येते तेव्हा मूल घरी ठेवा.

भेगेतून पू, मधासारखी पिवळी खपली, हात सुजून गरम लागणं, लाल रेघ मनगटाकडे सरकणं, ताप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. चांगला ताप येऊन गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी बोटांच्या टोकाची सालं निघत असतील तर तेही बालरोगतज्ज्ञांना सांगा, विशेषतः ताप पाच दिवसांहून जास्त होता आणि डोळे-ओठ लाल होते तर. बाकी दोन आठवडे नीट क्रीम लावूनही फरक नसेल, किंवा मुलाला कोपराच्या, गुडघ्याच्या खोबणीतही चट्टे असतील, दमा-सर्दी असेल, तर एक्झिमा (इसब) असू शकतो, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, दोन दिवसांत बरं झालं. तीच लावत राहू का?

नको, कृपा करून नको. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये कडक स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं एकत्र असतं. स्टिरॉइडने लाली झटकन जाते म्हणून जादू वाटते, पण आठवडे लावली की कातडी पातळ होते, बंद केली की दुप्पट उसळतं, आणि गजकर्ण असेल तर ते आतल्या आत पसरतं. २०१८ पासून सरकारने अशी स्टिरॉइड क्रीम शेड्युल एचमध्ये टाकली आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायचीच नाहीत. डॉक्टर कधी कधी सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस लिहून देतात, ते घाबरून टाळू नका, सांगितले तेवढेच दिवस सांगितलं तेवढंच लावा.

मुलगी न सांगता स्वतःच सारखे हात धुते, काय करू?

रागावू नका. आधी किती वेळा आणि कधी ते दोन दिवस नुसतं बघा. धुऊन झाल्यावरही "अजून घाण आहे" म्हणते का, थांबवलं तर रडते का, धुण्यापायी खेळ नाहीतर अभ्यास राहतो का. तसं असेल तर क्रीमने भागणार नाही, मनात भीती बसलेली असू शकते, बालरोगतज्ज्ञांशी बोला, ते पुढे मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. कोविडनंतर मी अशी दोन मुलं पाहिली आणि दोघंही वेळेवर मदत मिळाल्यावर मोकळी झाली.

किती दिवसांत बरं होतं? बरं झाल्यावर क्रीम बंद करू का?

नुसता खरखरीतपणा तीन-चार दिवसांत, भेगा आठवड्या-दोन आठवड्यांत. पण हात दिसायला मऊ झाले तरी आतली भिंत पक्की व्हायला आणखी काही आठवडे जातात, आणि इथेच बहुतेक घरं चुकतात, बरं झालं म्हणून डबी कपाटात जाते आणि पंधरा दिवसांत पुन्हा तोच फोटो ग्रुपवर. दिवसाचं थोडं कमी केलंत तर चालेल. रात्रीचं होळीपर्यंत चालू ठेवा, आणि डबी कपाटात नको, नळाशेजारी साबणाच्या बाजूलाच राहू द्या.